मूल गावी राहील, पण कोठे?



ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा आता नावापुरताच पाडा उरला आहे. तेथे उंच इमारती उभ्या आहेत. अशी बांधकामे आणि भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्या यांसाठी माणसे दूरच्या पाड्यांवरून बायकामुलांसह येतात. दिवाळी सरली की ते पाडे ओस पडू लागतात. हजेरीपटावर नाव राहते, मूल राहत नाही.

वसतिगृह महाराष्ट्राला नवे नाही. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरास मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले; पुढे इतर समाजांचीही निघाली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९२४ मध्ये निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीस बसविली. तेथे लक्ष्मीबाईंचे दागिने मुलांच्या पोटापायी गेले. शनिवारी घरी जाऊन सोमवारी पीठ-तांदूळ घेऊन शहरात परतणारी मुलेही पुष्कळांना आठवत असतील. तेही एक प्रकारचे आठवड्याचे वसतिगृहच.

आश्रमशाळा मात्र वर्षभराची. जेथे जवळ शाळाच नाही, तेथे तिला पर्याय नाही. पण सहा वर्षांचे मूल आईपासून दूर ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला उलट वाट धरली : गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली.

स्थलांतरितांसाठी या दोहोंमधील सोय म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप कामावर असतील तितके महिनेच ते चालते. दुपारचे जेवण शाळेचे, सकाळ-संध्याकाळचे वसतिगृहाचे. व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. यात एक गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. घरी आजी असेल, तर मुलाला निजावयास तिची कूसच बरी. अडचण असते ती तिच्या चुलीवर आणखी एका ताटाची. तेवढे ताट मिळाले की मूल गावी टिकते. जेथे आजीही मजुरीस जाते, तेथे मात्र छप्पर, दिवा आणि रात्रीची सोबत हवी. मुलींसाठी ती सोबत विश्वासाच्या बाईचीच हवी.

म्हणून चौकशी नवरात्रापूर्वीच घरोघर करावी. कोण जाणार, केव्हा परतणार, मागे कोण राहणार, हे आईला विचारावे. मुकादमाची उचल घेतल्यावर बापाला थांबविणे कठीण. आणि मुलालाही विचारावे. त्याचे धाकटे भावंड सांभाळावयास भट्टीवर कोण जाणार, हे पुष्कळदा तेच सांगते.