महेबूर्गची हवेली आणि बंदरावरच्या पायऱ्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



मॉरिशसला जाणारा मराठी प्रवासी समुद्रकिनारे पाहतो, गंगातलावाचे दर्शन घेतो आणि परततो. बेटाच्या आग्नेयेस असलेल्या महेबूर्ग गावाकडे, तेथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाकडे, त्याची पावले क्वचितच वळतात. ती वळावयास हवीत.

हे संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती द रोबिलार या फ्रेंच कुटुंबाची अठराव्या शतकातील हवेली होय. डोडो पक्ष्याची हाडे, १७४४ साली बुडालेल्या सँ-जेराँ जहाजाची घंटा, गव्हर्नर लाबूर्दोने याचा पलंग अशा वस्तू तेथे जपल्या आहेत. परंतु हवेलीची खरी ख्याती निराळी आहे. ऑगस्ट १८१० मध्ये समोरच्या ग्राँ पोर उपसागरात इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली. फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे. दोन्ही बाजूंचे सेनानी, फ्रेंचांचा द्युपेरे आणि इंग्रजांचा विलोबी, जखमी झाले आणि दोघांवरही याच छपराखाली उपचार झाले. शत्रूंच्या या दिलदारपणाची कथा प्रेक्षकाला भारावून टाकते.

ही दिलदारी कोणापुरती होती, हे मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात कळून आले. इंग्रजांनी बेट घेतले, पण शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच वसाहतवाल्यांचा धर्म, कायदे, रीतिरिवाज आणि खाजगी मालमत्ता यांना धक्का लावला नाही. या मालमत्तेत हजारो गुलाम मोडत होते! झेंडा बदलला, मळ्याचा मालक तोच राहिला. १८३५ साली गुलामगिरी रद्द झाली तेव्हा मॉरिशसच्या मालकांना सुमारे २० लाख पौंडांची भरपाई मिळाली. ज्यांची आयुष्ये गेली त्यांच्या हाती छदामही पडला नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे राबावे लागले.

उसाला मजूर तर हवेच होते. १८३४ च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलस' जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर आणले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही माणसे गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले अनेक होते. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत तेथे होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे बेटावर आली, त्या पायऱ्या उभ्या आहेत. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारशात घेतला.

हवेलीत मालकाचा पलंग टिकतो, कारण मालकाकडे पलंग होता. गुलामाकडे आणि गिरमिटियाकडे मागे ठेवण्याजोगी वस्तूच नव्हती. म्हणून संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मजुरांचा पुरावा उरला तो दफ्तरात. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र चिकटवलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास भटक्या ठरवून तुरुंगात टाकता येई. माणसाला जखडण्यासाठी सरकारने जमवलेली नावे, गावे आणि चेहरे यांच्याच आधारे आज नातवंडे-पणतवंडे आपले मूळ गाव शोधतात. मॉरिशसमधील महात्मा गांधी संस्थेत हे दफ्तर आहे आणि २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत त्याची नोंद आहे. रत्नागिरीकडच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी त्यातील कोकणची गावे शोधून येथील शाळांत ती माहिती लावली, तर ते एखाद्या पुतळ्यापेक्षा मोलाचे काम होईल.

या मजुरांनी केवळ सोसलेच असे नव्हे. १९३६ साली मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये ऊसमळ्यांत उठाव झाला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथील मळ्यात मजुरीसाठी संप करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघांचा बळी गेला, त्यांत अंजली कूपन ही गरोदर मजूर स्त्री होती. बेटाच्या उत्तर भागातील क्रीडांगणाला आज तिचे नाव आहे. महेबूर्गची हवेली पाहणाऱ्याने तेवढी वाट अवश्य वाकडी करावी.