घरांतील समुद्र : आधीं काय घ्यावें ?

श्रोतेहो, दिवाणखान्यांतील काचेच्या पेटींत खारें पाणी भरून त्यांत रंगीबेरंगी मासे व जिवंत पोवळीं पाळण्याचा छंद आपल्या शहरांतील कांहीं घरांतून दिसूं लागला आहे. छंद मोहक, पण खर्चिक. दुकानांत गेल्यावर दिवे, पंप, गाळण्या, शीतकयंत्रें यांची लांबलचक यादी पुढें येते आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थाची छाती दडपते. सर्व एकदम घेणें बहुतेकांस शक्य नसतें. तेव्हां खरा प्रश्न क्रमाचा आहे. आणि क्रम लावून देणें ही तर शाळामास्तराची जन्माची खोड!

यासाठीं एक साधी कसोटी सुचवितों. प्रत्येक वस्तूसंबंधीं स्वतःस विचारावें : ही नसली किंवा बंद पडली, तर पेटींतील जीव किती वेळांत मरेल ? उत्तर 'कांहीं तासांत' असें आलें तर ती आधीं; 'कांहीं आठवड्यांत' असें आलें तर मागाहून. या कसोटीनें लागणारा क्रम दुकानांतील आकर्षणाच्या क्रमाहून पुष्कळ अंशीं उलटा निघतो.

या विद्येचा आरंभच याची साक्ष देतो. इ. स. १८४६ मध्यें ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळ्यांच्या जातीचे कांहीं जीव लंडनमधील आपल्या घरीं आणले. घरांत ना वीज, ना पंप. मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत असे. त्यायोगें त्यांत हवा मिसळे. पुढें बाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पतीहि ठेवल्या, आणि ते जीव जगले. आजचे महागडे पंप त्या मोलकरणीचेंच काम करीत आहेत.

परंतु हलविण्यासाठीं आधीं पाणी हवें. नळाचें पाणी आपणांस पिण्यास उत्तम असलें तरी त्यांतील क्लोरीन, फॉस्फेट, क्वचित् तांब्याचा अंश समुद्रजीवांस बाधतो. म्हणून पहिला पैसा पाणी शुद्ध करणाऱ्या आर. ओ. यंत्रावर व त्यास जोडावयाच्या रेझिनच्या नळीवर खर्च करावा. त्याबरोबरच क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट यांच्या चाचण्या घ्याव्या. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या पेटीस सुमारें ७ किलो समुद्रक्षारांचें मिश्रण लागतें. स्वयंपाकाचें मीठ येथें चालत नाहीं. पाण्याची वाफ होते, क्षार मागें राहतात; म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावी.

दुसरा मान प्रवाहाचा. पोवळें जागचें हलत नाहीं; प्राणवायु व अन्न त्याच्याकडे पाण्यानेंच आणून द्यावें लागतें. एका मोठ्या पंपापेक्षां दोन लहान पंप घ्यावे, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा चालूं राहतो. आणि वीज गेली तर ? बॅटरीवर चालणारा लहानसा हवापंप किंमतीनें थोडा, पण अशा रात्रीं पेटींतील सारा संसार तोच वाचवितो.

तिसरें उष्णतामान. थंड देशांतील पुस्तकें पाणी तापविण्याचें यंत्र घ्यावयास सांगतात. मुंबईंत अडचण नेमकी उलट आहे. पोवळ्यांस साधारण २४ ते २७ अंश सेंटिग्रेड मानवतें. पाणी फार तापलें कीं त्यांच्या शरीरांत राहून त्यांस अन्न पुरविणारीं सूक्ष्म शैवालें निघून जातात व पोवळीं पांढरीं पडतात. १९९८ सालीं लक्षद्वीपच्या समुद्रांत हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी थोडें निवतें, पण दमट हवेंत हा उपाय तोकडा पडतो. शीतकयंत्र महाग खरें. परंतु तें घेण्याची ऐपत येईपर्यंत पोवळीं घेऊं नयेत.

चौथे सच्छिद्र कृत्रिम दगड. त्यांच्या छिद्रांतून जंतु वस्ती करतात आणि विषारी अमोनियाचें नायट्राइटमध्यें व पुढें नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. या वस्तीस बहुधा चार ते सहा आठवडे लागतात; तोंवर पेटींत प्राणी सोडूं नयेत. घाण कुजण्यापूर्वींच फेसाबरोबर बाहेर काढणारें प्रोटीन स्किमर हें यंत्र उपयुक्त आहे. तथापि लहान पेटींत मासे थोडे ठेवून दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलल्यास तें पुढें ढकलतां येतें.

दिवा सर्वांत शेवटीं. अपुऱ्या उजेडांत पोवळें आठवड्या-महिन्यांनीं खंगतें. पाणी साचून राहिलें तर एका रात्रींत मरूं शकतें. शिवाय नवशिक्यानें प्रथम पाळाव्या अशा कित्येक मऊ जातींस मध्यम प्रकाश पुरतो.

आतां पैशाहून मोठी गोष्ट. दगडी सांगाडा रचणारीं पोवळीं व समुद्रपंखे यांस आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखालीं २००१ पासून संरक्षण आहे. मालवणचें किंवा मन्नारच्या आखातांतील पोवळें खुडून घरीं आणणें हा अपराध होय. मेलेला तुकडाहि त्यांतून सुटत नाहीं. दगडी पोवळ्यांच्या परदेशांतील व्यापारासहि आंतरराष्ट्रीय कराराचें बंधन आहे. म्हणून जीव कोठून आला याचे कागद जो दुकानदार दाखवूं शकत नाहीं, त्याच्या दारांतून रिकाम्या हातानें परत यावें.

श्रोतेहो, समुद्रांत त्या जीवास जें जें फुकट मिळतें, तें तें पुरविण्याची हमी आपण त्यास घरीं आणतांना घेत असतों. ती पुरी करण्याइतका पैसा आज गांठीस नसेल तर एक वर्ष थांबावें, पण क्रम मोडूं नये. रिकाम्या पेटीची कोणास लाज वाटण्याचें कारण नाहीं.