बिऱ्हाडात कोण कोण?

घर बदलणं आता कुणालाच चुकत नाही. बदली होते, मुलं परगावी नोकरीला लागतात, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहायला जावं लागतं. मग पुठ्ठ्याची खोकी येतात, सुतळी येते, जुन्या वर्तमानपत्रांत कपबशा गुंडाळल्या जातात. टेम्पोवाला फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "सामान काय काय आहे?" आपण कपाट, फ्रीज, दोन पलंग अशी यादी सांगतो. पण घरात या यादीत न बसणारेही काही जीव असतात. कोपऱ्यात बसून ते ही सगळी उलथापालथ बघत असतात. श्रोतेहो, आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

डिसेंबर २०२२मध्ये आम्ही नांदेडचं बिऱ्हाड रत्नागिरीजवळच्या एका गावी हलवलं. ते माझ्या पत्नीचं माहेर. सासूबाई एकट्या राहत होत्या, त्यांना सोबत हवी होती. आमच्या घरात माणसं दोन आणि इतर जीव पाच : राणी नावाची गावठी कुत्री, मीर आणि शमा ही मांजरं आणि दोन कोंबड्या. हे सगळं गणगोत एकत्र घेऊन रेल्वेने जाणं जमणारं नव्हतं. तेव्हा भाच्याची गाडी आणि सहाशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता, एवढंच हाती उरलं.

बातमी कळताच सल्ले सुरू झाले. "कोंबड्या कापून टाका." "मांजरं काय, कुठंही जगतात." "कुत्रीला बाजारात सोडून या, हॉटेलांपाशी पोट भरेल." सांगणारी माणसं दुष्ट नव्हती. आमचा त्रास वाचावा म्हणूनच ती बोलत होती. पण आठ वर्षं ताटाजवळ बसलेलं जनावर एका संध्याकाळी बाजारात उभं करायचं आणि पाठ फिरवायची, ही कल्पनाच सोसवेना. घरात वाढलेल्या कुत्र्याला बाजारातल्या टोळ्या जवळ करत नाहीत. घरातल्या मांजराला रस्ता ओलांडायची सवय नसते. "जगतात" असं आपण म्हणतो, कारण पुढे काय झालं ते आपण पाहिलेलं नसतं.

प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १९६० साली कायदा झाला. उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत विनाकारण जनावर सोडून देणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिला, तर दहा ते पन्नास रुपये! तेव्हा कायद्याच्या धाकाने कुणी राणीला सोबत नेईल, असं समजण्यात अर्थ नाही. ते आपलं आपणच ठरवायचं असतं.

आम्ही तयारी महिनाभर आधी सुरू केली. मांजरांसाठी दोन मजबूत, हवेशीर पिंजरे आणले आणि दारं उघडी टाकून खोलीतच ठेवून दिले. आत आमची जुनी, न धुतलेली चादर अंथरली आणि खाणं तिथेच देऊ लागलो. आठवड्याभरात मीर आपणहून आत जाऊन झोपू लागला. राणीला गाडीची ओळख करून दिली. पहिल्या दिवशी नुसतं बसवलं, दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग पाच-सात किलोमीटर.

पशुवैद्यकांकडे सगळ्यांना दाखवून आणलं. रेबीजची लस, तिची नोंद असलेलं कार्ड आणि प्रवासाला प्रकृती ठीक असल्याचा दाखला हे कागद हाताशी ठेवले. कोकणात पाऊस फार, म्हणून राणीला लेप्टोस्पायरोसिसची लसही आठवणीने दिली. झोपेच्या गोळीविषयी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका. गुंगीत जनावराला तोल सावरता येत नाही आणि अंगातली उष्णताही नीट आवरता येत नाही. माणसांच्या गोळ्या तर नकोच. साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. हे ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी कायम लक्षात ठेवावं.

निघायच्या दिवशी पहाटे कुणालाच पोटभर जेवण दिलं नाही. आदल्या रात्री हलकं खाणं आणि वाटेत थोडं थोडं पाणी, एवढंच. मांजरांचे पिंजरे मागच्या सीटवर पट्ट्याने घट्ट बांधले आणि वर पातळ कापड टाकलं. राणी पायाशी, गळ्याच्या साखळीऐवजी छातीपट्ट्याला बांधलेली. कोंबड्यांचं डालगं मागे, मांजरांच्या नजरेआड. कोंबडीला अंधार केला की ती गप्प बसते, फक्त हवा खेळती हवी. प्रत्येकासाठी नांदेडचं थोडं काही बरोबर घेतलं होतं : राणीचं पोतं, कोंबड्यांचा दाणा आणि मांजरांच्या तबकातली वाळू. त्या वाळूवरून भाच्याने आमची बरीच थट्टा केली.

तीन दिवस आणि दोन मुक्काम असा बेत होता. लातूर, तुळजापूर करत पहिला मुक्काम सोलापूरला नातेवाइकांकडे, दुसरा कोल्हापूरला. वाटेत तीन नियम पाळले. गाडीचं दार उघडण्याआधी राणीचा पट्टा हातात हवा. मांजरांचे पिंजरे बंद खोलीखेरीज कुठेही उघडायचे नाहीत, कारण घाबरलेलं मांजर ब्रेकखाली शिरतं नाहीतर उघड्या दारातून निसटतं. आणि उभ्या गाडीत कुणालाही एकटं ठेवायचं नाही. उन्हात उभी केलेली गाडी काही मिनिटांत तापते, काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडत नाही. माणसासारखा कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत ते अंग निववतं, आणि कोंडलेल्या गरम हवेत तेवढ्याने भागत नाही. म्हणून आम्ही चहासुद्धा पाळीपाळीने प्यायलो.

कोल्हापूरच्या एका लॉजने फोनवर "या" म्हटलं होतं. दारात पिंजरे पाहिल्यावर ते "जागा नाही" म्हणाले. दुसरीकडे जागा मिळाली. तिथल्या मॅनेजरने एवढंच विचारलं, "कोंबडा नाही ना? पहाटे गिऱ्हाइकं उठतील." कोंबडा नव्हता. त्यांनी हसून किल्ली दिली. न्हाणीघरात वाळूचं तबक ठेवलं, दार लावून घेतलं आणि मग पिंजरे उघडले.

त्याच दिवशी दुपारी मिरज सोडल्यावर सावली बघून थांबलो होतो. शेजारच्या शेतात ऊसतोड चालू होती. बीडकडची माणसं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडून आलेली. पाचटाच्या कोप्या, एक शेळी, कोंबड्या, आणि कोपीच्या तोंडाशी एक काळं कुत्रं. पाणी प्यायला आलेल्या एका बाईने आमच्या गाडीत डोकावून पाहिलं.

"कुठं निघालं बिऱ्हाड?"

"नांदेडहून रत्नागिरीला."

"समदीच आणली व्हय?"

"समदीच."

"बरं केलं," ती म्हणाली. "आमचंबी आलंय ट्रकात बसून. त्याला मागं ठिवून कसं चालंल?"

गेला महिनाभर लोक आम्हाला शहाणपण शिकवत होते. या बाईला आमच्यात काहीच वेगळं दिसलं नाही. पाळीव प्राण्यांना गाडीतून नेणं हे शहरातलं नवं खूळ आहे, असं पुष्कळांना वाटतं. पण सुगीनंतर कोकणात उतरणारा धनगर घोड्याच्या पाठीवर दमलेली कोकरं आणि कोंबड्या लादतो, शेजारून कुत्रं चालतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. ज्यांचं बिऱ्हाड खरोखरच पाठीवर आहे, त्यांनी आपली जनावरं कधी मागे ठेवली नाहीत. घर पक्कं झालं, भिंती आल्या, आणि मग आपल्याला जनावराची अडचण वाटू लागली.

आंबा घाटाच्या वळणांवर राणीला दोनदा उलटी झाली. गाडी हळू घेतली, थांबलो, तिला मोकळ्या हवेत फिरवलं. खाली उतरताच हवेत दमटपणा आला, माती तांबडी झाली. राणी नाक वर करून सारखी हुंगत होती.

रत्नागिरीत आमची खरी परीक्षा होती. कुत्र्याच्या लाळेबाबत आमच्याकडे कडक नियम आहेत. कोकणातल्या शाफई घरांत ते विशेष कटाक्षाने पाळतात. कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. सासूबाई पाच वेळच्या नमाजी. फोनवर त्यांनी "मांजरं आणा" म्हटलं होतं. कुत्रीचं नाव निघताच त्या गप्प झाल्या होत्या. त्यांच्या घरात त्यांचा नियम मोडायचा नाही आणि राणीलाही सोडायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. वेळ आलीच, तर परसाच्या टोकाला तिच्यासाठी खोपटं घालणार होतो.

सासूबाई पायरीवर उभ्या होत्या. राणी गाडीतून उतरली आणि दमून उंबऱ्यापाशीच पुढचे पाय पसरून बसली. सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाल्या, "गुहेतल्या त्या तरुणांचं कुत्रं कुठे बसलं होतं?"

कुराणातल्या कहफ या सुऱ्यात ती कथा आहे. श्रद्धेपायी आपली वस्ती सोडून काही तरुण गुहेत आश्रय घेतात आणि वर्षानुवर्षं झोपी जातात. त्यांचं कुत्रं दाराशी पुढचे पाय पसरून बसलेलं असतं.

मी म्हणालो, "उंबऱ्यावर."

"मग हिची जागाही तीच," त्या म्हणाल्या. "ताटली वेगळी ठेवा." आणि करवंटीत पाणी आणायला आत गेल्या.

स्वर्गाच्या दाराशी कुत्र्याला सोडून आत यायला नकार देणारा धर्मराज आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. या दोन्ही कथांत माणसं सगळं मागे टाकून निघालेली आहेत, आणि कुत्रं तेवढं सोबत आहे. असं का असावं, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

पोहोचल्यावरही काम संपत नाही. कुत्रा माणसांना धरून राहतो. आपण दिसलो की त्याचं घर झालं. मांजर जागेला धरून असतं. नव्या ठिकाणी लगेच मोकळं सोडलं, तर जुनं घर शोधायला ते निघून जातं. म्हणून मीर आणि शमाला तीन आठवडे एकाच खोलीत ठेवलं, जुनी चादर आणि नांदेडची वाळू देऊन. पहिले दोन दिवस शमा कपाटामागून बाहेर आली नाही. तिला ओढून काढलं नाही, खाणं जवळ सरकवलं. राणीच्या पट्ट्यावर नवा फोन नंबर घातला. गावात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे रात्री ती पडवीच्या जाळीआड झोपते. कोंबड्यांनी आठ-दहा दिवस अंडी दिली नाहीत, मग पुन्हा देऊ लागल्या. राणीला अजून दख्खनी बोलीच कळते, आणि सासूबाई तिच्याशी कोकणीत बोलतात. दोघींचं बरं चाललं आहे.

घर का बदललं, हे माणसाला सांगता येतं. जनावराला ते सांगायची सोय नाही. आदल्या रात्री पोत्यावर निजलेल्या जिवाला दुसऱ्या दिवशीही तेच पोतं आणि तीच माणसं दिसली, की तेवढ्यावर त्याचा विश्वास टिकतो. तेव्हा टेम्पोवाल्याने "सामान काय काय आहे" असं विचारलं, की कपाट आणि फ्रीज जरूर सांगा. पण त्याआधी एका कागदावर बिऱ्हाडातल्या सगळ्यांची नावं लिहून काढा आणि गाडीत तेवढ्या जागा आधी धरा.