टोलेदो : टेकडीवरील नगरीचा बोध



स्पेन देशांतील टोलेदो ही नगरी पाहण्याचा योग मला आला होता. तिच्याविषयीं आज दोन शब्द सांगावे, अशी फादरांची आज्ञा झाली. ती मी आनंदानें पाळतों.

तीन बाजूंनीं ताहो नदीचें खोल पात्र आणि मध्यें खडकाळ टेकडी. तीवर ही नगरी वसली आहे. तिच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्यांत मी वाट चुकलों. आणि तें बरेंच झालें. एकाच दुपारीं मला इ. स. ९९९ त बांधलेली मशीद दिसली, यहुद्यांचीं दोन जुनीं सभास्थानें दिसलीं आणि १२२६ त आरंभिलेलें आपलें भव्य कॅथीड्रलही दिसलें.

मुसलमानी अमलांत, १०६८ च्या सुमारास, येथील काजी साइद यानें विद्येची सेवा करणाऱ्या राष्ट्रांचा वृत्तांत लिहिला व त्यांत पहिला मान आपल्या हिंदुस्थानास दिला. १०८५ त नगरी ख्रिस्ती राजा सहावा अल्फॉन्सो याच्या हातीं आली. पुढें बाराव्या शतकांत इब्न सिना ह्या मुसलमान तत्त्ववेत्त्याचा आत्म्यावरील ग्रंथ येथें लॅटिन भाषेंत आला. तो कसा? अवेंदाउथ नांवाचा यहुदी पंडित अरबीचा एकेक शब्द लोकभाषेंत सांगे, आणि गुंडिसाल्वो हा आपला आर्चडीकन तो लॅटिनमध्यें उतरवी. दुसऱ्याच्या मुखानें आणि तिसऱ्याच्या लेखणीनें पहिल्याचें ज्ञान युरोपास मिळालें.

परंतु अर्धीच गोष्ट सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सांता मारिया ला ब्लांका नांवाच्या वास्तूंत मी शिरलों. शुभ्र खांब, घोड्याच्या नालासारख्या कमानी! पवित्र मातेचें नांव ऐकून मीं गुडघे टेकले. मग कळलें कीं, हें मूळचें यहुद्यांचें सभास्थान. १३९१ त त्यांच्या वस्तीवर जमाव तुटून पडला; पुढच्या शतकांत ह्या वास्तूचें चर्च झालें; आणि १४९२ त यहुद्यांना देशच सोडावा लागला. आज तेथें ना त्यांची प्रार्थना होते, ना आपली मिस्सा. माझ्या ओठांवरची 'नमो मारिया' तेथेंच थांबली.

बंधुभगिनींनो, आज आपण ज्युबिली साजरी करीत आहोंत. हा शब्दही आपणांस यहुद्यांकडूनच मिळाला. जुन्या करारांतील पन्नासावें वर्ष हें केवळ उत्सवाचें नव्हे. ज्याचें त्याला परत देण्याचें वर्ष होतें. देवाचे आभार मानतांना आपणही स्वतःस विचारूं या : आपल्या शेजाऱ्याचें आपण काय घेतलें, आणि त्यास काय परत दिलें?

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.