करंट नको, करवंद लावा

आजचा भाग एका स्पेलिंगच्या चुकीवरून सुरू होतो आणि माझ्या वडिलांच्या जिवापर्यंत जातो. त्यामुळे जरा नीट ऐका.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. बीटेक झालोय, दिवसभर कोड लिहितो. गाव सिद्धेश्वर, हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण माहीत असेल, तेच गाव. घरी सोयाबीन, हळद, हरभरा, आणि पाणी असलं की उन्हाळी भुईमूग.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अप्पांची व्हॉइस नोट आली. "लेका, रातीतून डुकरानं सगळा भुईमूग उकरला. आता बांधाला तार ओढून करंटच सोडतो. कसं करायचं ते मोबाईलवर बघ जरा."

मी सर्चमध्ये इंग्रजीत 'करंट' टाईप केलं आणि एक अक्षर चुकलं. विजेच्या करंटमध्ये 'ई' असतो, मी घातला 'ए'. समोर विजेची तार आलीच नाही. आली लाल, काळ्या, पांढऱ्या फळांची झुडपं. करंट नावाची फळं! म्हटलं, हे बेस्ट आहे. कुंपणाचं कुंपण, वर फळं. ऑनलाइन ब्लॅककरंटची दहा रोपं मागवून गावी पाठवली सुद्धा. मे महिना संपायच्या आत दहाच्या दहा वाळून काड्या झाल्या.

चूक माझीच होती, आधी वाचायला पाहिजे होतं. ब्लॅककरंट, रेडकरंट ही युरोपातली थंड हवामानाची झुडपं. व्हाइटकरंट म्हणजे रेडकरंटचाच फिका प्रकार. हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली तरच त्यांना नीट फुलं-फळं येतात. आपल्या हिमालयात त्यांचे रानटी भाऊबंद सापडतात. पण सिद्धेश्वरच्या उन्हाळ्यात त्यांचा टिकाव कसा लागणार? आणि ड्रायफ्रूटच्या दुकानात 'ब्लॅककरंट' म्हणून जे मिळतं, ती बहुतेक वेळा बारीक काळी द्राक्षं वाळवलेली असतात. 'करंट' हे नावच मुळात ग्रीसमधल्या कॉरिंथ शहरावरून, तिथल्या मनुकांना पडलेलं.

वाचता वाचता एका ओळीवर थांबलो. इंग्रजीत 'बेंगॉल करंट' नावाचं एक झुडूप आहे. फोटो बघितला तर काय, आपलं करवंद! लहानपणी चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, तेच.

त्याच रात्री अप्पांना फोन केला. म्हटलं, "अप्पा, शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. मोटार चालू करायला अंधारात कोण जातं?"

"मीच जातो की."

"मग त्या तारेला पहिल्यांदा कोण चिकटणार? डुक्कर का तुम्ही?"

ते गप्प बसले. मंडळी, हा मुद्दा गमतीचा नाही. मेन लाइनवरून थेट तारेत वीज सोडणं बेकायदेशीर आहे. त्यात माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. आणि अशा तारेला चिकटून शेतकरी, सालगडी, पहाटे निंदायला निघालेल्या बाया मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. झटका मशीन वेगळं. ते बॅटरीवर किंवा सोलरवर चालतं आणि क्षणभराचे, थांबून थांबून झटके देतं. जनावर घाबरतं, मरत नाही. आम्ही तात्पुरतं ते घेतलं आणि कायमच्यासाठी करवंद ठरवलं.

आता कामाचं. करवंद ओळखायचं कसं? चार गोष्टी बघा. एक, पानं समोरासमोर जोडीनं, जाड आणि चकचकीत. दोन, काटे कडक, सरळ, बहुधा जोडीनं. तीन, पान तोडलं की पांढरा चीक येतो. चार, फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, जुईसारख्या वासाची.

प्रकार ढोबळमानाने तीन. रानकरवंद: फळ बारीक, गोल, पिकल्यावर काळं आणि गोड. बागेतलं मोठं करवंद: फळ टपोरं, पांढरट-गुलाबी, आंबट, लोणच्याला भारी. केकवर आणि पानात जी लाल 'चेरी' असते ना, ती पुष्कळदा हेच करवंद असतं, रंगवून पाकात मुरवलेलं. याच्या सुधारित जातीही आहेत, पंतनगर विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा आणि दापोलीची कोकण बोल्ड. तिसरा प्रकार दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्लम. शहरात शोभेच्या कुंपणाला लावतात. काटा टोकाला दुभंगलेला, फूल मोठं, फळ पिकलं तरी लालच राहतं.

एक धोका लक्षात ठेवा. कण्हेर आणि बिट्टी करवंदाच्याच कुळातल्या आहेत. त्यांनाही चीक येतो आणि त्या विषारी आहेत. त्यांना काटे नसतात, पानं लांब आणि अरुंद असतात. चीक आहे पण काटा नाही, तर तोंडात घालायचं नाही. आणि काटा दिसला तरी खात्री झाल्याशिवाय कुठलंच रानफळ खायचं नाही.

लावायचं कसं? मेमध्ये पुण्यात द्रोणात करवंदं विकायला येतात. दोन किलो घेतली, खाल्ली, बिया ठेवल्या. गर काढून बिया धुवायच्या, सावलीत सुकवायच्या आणि लगेच पेरायच्या. जुन्या झाल्या की उगवत नाहीत. फांदी खोचून करवंद सहसा लागत नाही, कलम करायचं तर गुटी बांधावी लागते. बियांपासूनच्या झाडांची फळं सारखी येत नाहीत. पण कुंपणाला काय फरक पडतो?

रोपं वर्षभर पिशवीत वाढवली आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली. दोन ओळी, दोन रोपांत दोन फूट. दुसऱ्या ओळीचं रोप पहिल्या ओळीतल्या फटीसमोर. 100 मीटर बांधाला साधारण 330 रोपं लागतात.

इथे दुसरी चूक केली. काळ्या रानात सपाटीवर लावलं, पाणी साचलं, एका बाजूची रोपं सडली. करवंदाला दुष्काळ चालतो, साचलेलं पाणी नाही. मग मातीचा वरंबा करून त्यावर परत लावलं. पहिला उन्हाळा थोडं पाणी दिलं, शेळ्यांपासून जपलं आणि गुडघाभर झाल्यावर शेंडे छाटले. छाटलं नाही तर झाड वर जातं, खालून फट राहते आणि डुक्कर खालूनच घुसतं.

आज लावून तिसरं वर्ष आहे. कुंपण कमरेइतकं झालंय. जिथे पहिली रोपं सडली तिथे अजून विरळ आहे आणि डुकरं तिथून येतात, खोटं सांगत नाही. तेवढ्या भागात झटका मशीन अजून चालू आहे. पण बाकी बांधावरून येणं थांबलंय आणि थेट करंटचा विषय घरात परत निघाला नाही.

या मेमध्ये पहिली मोजकी फळं आली. अप्पांनी एक चावून मला दाखवलं. आत लाल. म्हणाले, "कोंबडा!" मग हळूच म्हणाले, "तार वडली असती तर ह्या साली कोण असतं, कोण नसतं, काय सांगावं."

तुमच्याही घरी डुकरांचा त्रास असेल आणि कोणी तार ओढायचं म्हणत असेल, तर आज रात्रीच फोन करा. एवढंच विचारा: अंधारात मोटारीकडे कोण जातं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.