उसने आणावे ओळखीच्या घरून
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



कवितेतील रूपकाविषयी मी दोन शब्द बोलावेत, अशी आपण आज्ञा केलीत. मी कवी नव्हे. मुलांच्या वह्या तपासणारा मास्तर आहे. तेव्हा वहीतलेच सांगतो.

मुख चंद्रासारखे आहे म्हटले की उपमा झाली. मुख हाच चंद्र म्हटले की रूपक. उपमेत दोन वस्तू शेजारी बसतात, रूपकात त्या एकच होतात. उर्दूत रूपकास ‘इस्तिआरा’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ उसने घेणे. आता उसने आणावे ते ओळखीच्या घरून, ही आपली जुनी रीत. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितावाचता येत नव्हते. पण शेत, चूल, पाखराचा खोपा यांच्याशी त्यांचा रोजचा घरोबा होता. म्हणून त्यांचे बोल खरे वाटतात.

काही वर्षांपूर्वी येथल्या वडगावातील एका विणकराच्या मुलाने कवितेत लिहिले, की माझा बाप मागाचा धोटा आहे. मी लाल शाईने काट मारली आणि शेरा दिला : ‘वडिलांविषयी आदर हवा.’ पुढे काही कामाने त्याच्या घरी जाणे झाले. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावत होता. त्यास विसावा नव्हता. पण प्रत्येक फेरीस एक धागा मागे ठेवीत होता, आणि त्यातूनच साडी वाढत होती. बाप मान खाली घालून बसला होता. मी खजील झालो. याहून मोठा आदर तो कोणता?

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक कबूल केली. पण तोवर मुलाने नवी कविता लिहून आणली होती. तीत चंद्र होता, कमळ होते, बाप नव्हता. ती काट आजही माझ्या मनास टोचते.

रूपक जुळवताना दोन गोष्टी पाहाव्यात. साम्य खरे असावे, आणि घेतलेले रूपक शेवटपर्यंत सांभाळावे. जीवनाची नौका केली, तर ती रुळावरून घसरवू नये.

आपली मुले कविता दाखवतील तेव्हा शोभते की नाही, हे मागाहून पाहा. आधी विचारा, ‘बाळ, हे तू कुठे पाहिलेस?’