सखूच्या जागी

आयर्लंडच्या लोककथांत ‘फेच’ नावाचा प्रकार आहे. जिवंत माणसाचे हुबेहूब रूप भलत्याच ठिकाणी कुणाला तरी दिसते. सकाळी दिसले तर त्या माणसाला दीर्घायुष्य, संध्याकाळी दिसले तर मरण जवळ, असे तिथे मानत.

आपल्याकडेही असे रूप आहे. पण ते कामाला येते. कऱ्हाडच्या सखूला पंढरीला जायचे असते, सासरचे तिला बांधून ठेवतात. मग विठ्ठलच सखू होऊन तिच्या जागी राहतो, घरकाम करतो. ‘प्रभात’ने १९४१ साली यावर ‘संत सखू’ चित्रपट काढला.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघाली की मला आमची शेजारीण आठवते. तिला वारीला जायचे होते, पण घरी सासू अंथरुणावर. माझी अम्मी म्हणाली, ‘‘तू जाय माय, बुढीले मी पायते.’’

अम्मीला सखूची गोष्ट ठाऊक नव्हती. म्हातारीची नजर अधू. दिवेलागणीला ती सुनेच्या नावाने हाक मारायची आणि अम्मी ‘ओ’ द्यायची. सून वारीहून परतेपर्यंत म्हातारीला कळलेच नाही, की ती घरात नव्हती.